जवा दे, गजेंद्र

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती असं मी म्हणणार नाही. त्याला ट्रॅक्टर येत होता.

तोंडावर मी त्याला अहोजाहो करते. पण गोष्ट सांगताना मात्र गजेंद्रच म्हणणार. दर ओळीला 'हे' आणि 'यांनी' करत बसले तर गाडी डुमसच्या समुद्रावर पोचायचीच नाही.

तर ट्रॅक्टर. साक्रीच्या बाजूला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून गजेंद्रने चार हंगाम काढले होते. लायसन्सवर मोटारकारचाही शिक्का होता, आणि गावच्या सरपंचाची जीप त्याने बऱ्याचदा लग्नाला नेली-आणली होती. पण ज्याने ट्रॅक्टर चालवला त्याच्या पायाला एक खोड लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. डावीकडे वळायचं तर डावा दाबा, उजवीकडे तर उजवा, की ते धूड जागच्या जागी गर्रकन फिरतं. त्यामुळे वळण दिसलं रे दिसलं की गजेंद्रचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. शेतात हे शहाणपण होतं. डांबरी रस्त्यावर, कारमध्ये आणि वेगात, ती मरायची तयारी होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळत असतं तरी मी कुणाला सांगितलं नसतं, कारण मला त्याला रंगखात्यातून बाहेर काढायचं होतं.

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. प्लेगच्या भीतीने सुरत सोडून पळालेली माणसं परतली होती, शहर रोज झाडूनपुसून निघत होतं, आणि आम्ही नवीनच डिंडोलीत एका खोलीत येऊन पडलो होतो. गजेंद्र पांडेसऱ्यात ठाकोरशेठच्या डाइंगमध्ये रंगाच्या मशीनवर होता. साड्यांचा आज कोणता रंग चालू आहे हे मला विचारावं लागत नसे, ते त्याच्या हातांवर दिसायचं. रंगाचं मला काही नव्हतं. पण त्या गरम पाण्याने आणि पावडरींनी त्याच्या बोटांची कातडी फाटायला लागली. कामाला लागल्यावर आठव्या महिन्यात अशी वेळ आली की ठेच्याला हात लावला की तो ताटावरून उठायचा. मी भाकरीचे तुकडे करून, कालवणात बुडवून, चमचा पुढे सरकवायचे. तो हसत खायचा. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा, आणि मग आत चुलीकडे तोंड करून मी रडायचे.

मी स्वतः साड्यांना फॉल लावायचं काम करायचे. आठवड्यातून दोनदा अठवा लाइन्सला ठाकोरशेठच्या बंगल्यावर घरच्या बायकांच्या साड्यांसाठी जायचे. शेठाणीला सगळे 'बा' म्हणत. साठीची, किरकोळ अंगाची, बोलायला गोड आणि मनातलं पक्कं धरून ठेवणारी बाई. तिच्यामुळे मी तीन महिन्यांत गुजराती शिकले. बायकांना परकी भाषा शिकायला शाळा लागत नाही. दुसऱ्या बाईची तिच्या नवऱ्याबद्दलची तक्रार रोज ऐकायला मिळाली की पुरतं.

बाची तक्रार एकच होती, दर रविवारची. ठाकोरशेठ आणि त्याचे व्याही नगीनदास, दोघंही बासष्टीचे, दोघांच्या छातीत दोष, दोघांनाही डॉक्टरने तेलकट बंद केलेलं. तरी दर रविवारी सकाळी दोघं आपापली गाडी घेऊन डुमसला टोमॅटोची भजी खायला निघत. अठवा गेटपाशी दोन्ही गाड्या 'सहज' भेटत. दोन्ही शेठ एकमेकांना हात जोडून तब्येतीची चौकशी करत. आणि मग समुद्रापर्यंत जीव खाऊन पळत. व्याह्याव्याह्यांनी शर्यत लावणं शोभत नाही, म्हणून ती शर्यत नव्हती. फक्त जो मागाहून पोचेल त्याने पहिल्याच्या हातात भज्यांचा कागद द्यायचा आणि चारचौघांत 'तमे मोटा, वेवाई' म्हणायचं, म्हणजे तुम्ही थोर, व्याहीबुवा. सुरती माणूस मजेसाठी काय करेल याचा नेम नाही.

बाला प्रत्येक वेळी बरोबर जावं लागे. एकटं सोडलं तर शेठ चार प्लेटी भजी खाईल ही एक भीती, आणि मरायचंच तर सोबत मरू हा एक हट्ट.

ठाकोरशेठकडे पांढरी कॉन्टेसा होती. लांबलचक, जड गाडी. तिच्यावर वर्षभरात तीन ड्रायव्हर झाले. पहिल्याला रक्तदाब झाला. दुसरा व्याह्यांच्या नोकरीत गेला. तिसऱ्याने मगदल्ल्याच्या पुढच्या मोठ्या वळणावर गाडी रस्ता सोडून कोळंबीच्या तळ्यात घातली. कुणाला लागलं नाही, चिखलच होता. पण घरी आल्यावर शेठच्या कोटाच्या खिशातून जिवंत कोळंबी निघाली, आणि ते घर असं की तिथे कांदासुद्धा मागच्या दाराने यायचा. बाने सगळा बंगला धुऊन काढला. ड्रायव्हरला त्याच दिवशी रजा दिली.

मी संधी साधली. म्हटलं, "बा, माझा नवरा ड्रायव्हर आहे. घाटातला." घाटातला म्हणजे काय ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेठने निरोप धाडला की रविवारी ये, चालवून दाखव.

आमच्या शेजारच्या खोलीत गजेंद्रचे मामा राहायचे, सुकदेवमामा. पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग सुधारणारे. आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा हातात धरली नव्हती, पण मत नाही असा विषय नव्हता. शेठच्या वळणाची गोष्ट ऐकली आणि त्यांनी गजेंद्रला विचारलं, "वळण उनं की तू काय करस?"

"ब्रेक मारस," गजेंद्र म्हणाला.

मामांनी खिशातून सुताची गुंडी काढली. दारातली वीट घेतली, तिला दोरा बांधला आणि दुसरं टोक गजेंद्रच्या हातात दिलं. "सरळ ओढ."

त्याने ओढलं. वीट फरशीवरून घासत सरळ आली.

"आते ओढता ओढता वळाव. झटका दे."

गजेंद्रने वीट ओढता ओढता हात कडेला वळवला आणि हिसका दिला. दोरा पट्कन तुटला.

"हाऊ दोरा देखना?" मामा म्हणाले. "त्याले एक टाइमले एकच काम सांगाचं. ओढ, नहीतर वळ. दोन्ही सांगशी तर तुटी. चाकनं बी तसंच शे. ब्रेक माराना ते सरळ रस्तावर मार, पोट भरीसन मार. वळण लागनं की पाय काढी ले. वळण सुटाले लागनं की मंग रेस दे."

"मामा, तुम्ही कधी गाडी चालाडी?"

"नही. पन वीस वरीस दोरा तोडेल शेतस."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत हाच खेळ चालला. गजेंद्र वीट ओढायचा, वळणावर सैल सोडायचा, पुढे पुन्हा ताणायचा. मामा ओट्यावरून ओरडायचे की मागातल्या पळत्या धोट्याकडे बघू नको, धोट्याकडे बघशील तर डोकं फिरेल, तयार होणाऱ्या कापडाकडे बघ. म्हणजे वळणावर समोरचं तळं बघायचं नाही, रस्ता जिथे सुटतो तिथे बघायचं. गल्लीतल्या बायकांना वाटलं माझ्या नवऱ्याला कुणीतरी करणी केली आहे. मी म्हटलं, ड्रायव्हिंग शिकतोय. त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं.

रविवारी सकाळी सातला गजेंद्र पांढरा शर्ट घालून, बोटांना खोबरेल लावून गेला. मी सोबत गेले, कारण बाने निरोप दिला होता, "तूही चल. तुझा नवरा आहे. मेलो तर दोघी मिळून त्याला वर शिव्या देऊ."

शेठ पुढे, गजेंद्रच्या शेजारी बसला. मागे बसणं त्याला म्हातारपणाचं लक्षण वाटायचं. बा आणि मी मागे. बसल्याबसल्या बाने डोळे घट्ट मिटले, हातात माळ घेतली आणि पुटपुटायला लागली. मी मनात एकच नवस केला, की काहीही झालं तरी माझ्या तोंडातून आवाज निघणार नाही. मी किंचाळले, गजेंद्र बिचकला आणि त्याची नोकरी गेली, असं मला व्हायला नको होतं.

अठवा गेटला व्याही नगीनदास भेटले. त्यांची गाडी निळी, नवी कोरी एस्टीम. "केम छो वेवाई, हारू ने?" दोघांनी हात जोडले. हात सुटले आणि गाड्या सुटल्या.

पिपलोदपर्यंत मला नवऱ्याचा अभिमान वाटत होता. रस्ता मोकळा होता. वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच तो जोरात ब्रेक दाबायचा, आमची डोकी पुढे झुकायची. मग पाय काढायचा, स्टेअरिंग हळू फिरवायचा आणि वळणाचं तोंड उघडलं की रेस द्यायचा. गाडी पोटातलं पाणी हलू न देता बाहेर यायची. मला डोळ्यांसमोर वीट दिसत होती. शेठने एकदा मागे वळून बाकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. मी तेवढ्यात मनातल्या मनात गजेंद्रच्या ड्रायव्हरच्या खाकी कपड्यांना इस्त्रीसुद्धा करून टाकली.

एस्टीम मात्र पुढेच होती. मगदल्ला गेलं आणि ते मोठं वळण आलं. डावीकडे वळणारं, बाहेरच्या बाजूला वेड्या बाभळीची झुडपं आणि त्यांच्या पलीकडे तळी. गजेंद्रने शहाण्यासारखं आधीच ब्रेक मारून वेग कमी केला, पाय काढला आणि गाडी वळणात घातली. आणि नेमकं तेव्हाच पुढच्या एस्टीमचे लाल दिवे लागले. व्याह्यांच्या ड्रायव्हरने ऐन वळणात ब्रेक मारला होता.

समोर लाल दिवा, हातात वळतं स्टेअरिंग. आठवडाभराची वीट आणि दोरा एका क्षणात उडून गेला आणि साक्रीचा ट्रॅक्टर जागा झाला. गजेंद्रचा पाय ब्रेकवर गेला.

मागचं सगळं हललं. म्हणजे आम्ही. गाडीचं तोंड खाली दबलं, मागची चाकं हलकी झाली आणि बा आणि मी बसलेला अख्खा भाग उजवीकडे, तळ्यांच्या दिशेने सरकायला लागला. माझं कपाळ खिडकीच्या काचेवर आपटलं. मी ओठ चावला. माझ्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसायला लागला, जो तिथे दिसायला नको होता.

आणि शेठ ओरडला, "जवा दे, गजेंदर, जवा दे!"

इथे मला थांबून एक सांगायलाच हवं. 'जवा दे' हे शब्द गुजरातीत आपल्या 'जाऊ दे'सारखेही वापरतात, नाद सोड म्हणून. पण गाडीत बसलेला सुरती माणूस 'जवा दे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एकच, हाण, पुढे काढ, थांबू नकोस. ठाकोरशेठला गाडी घसरतेय हे कळलंच नव्हतं. त्याला फक्त एवढं दिसलं होतं की एस्टीम बाहेर फेकली जातेय आणि आत जागा झालीय. आणि आमच्या घरात, आमच्या गल्लीत, आमच्या सगळ्या खानदेशात 'जाऊ दे' म्हणजे सोड.

गजेंद्रने सोडला. ब्रेक.

पाय उचलला तशी मागची चाकं पुन्हा रस्ता धरायला लागली. स्टेअरिंग त्याने मागचा भाग गेला होता त्याच बाजूला किंचित फिरवलं, लगेच सरळ केलं, आणि नजर वळण सुटतं तिथे लावली. कॉन्टेसाने एक हेलकावा घेतला आणि आपली आपण ओळीत आली. शेजारून निळी एस्टीम बाहेरच्या कच्च्या पट्टीवर धुरळा उडवत मागे पडली. आम्ही पुढे.

शेठ सीटवर अर्धा उभा राहिला. वर्षभरात त्या वळणावर कुणी व्याह्यांना असं मागे टाकलं नव्हतं. पुढे सरळ रस्ता, समुद्राचा खारट वारा येत होता आणि मागे एस्टीम सावरून पुन्हा येत होती. शेठ आनंदाने म्हणाला, "जवा दे, जवा दे."

गजेंद्रने मान हलवली आणि गाडी हळू केली.

शेठला वाटलं गिअर बदलतोय. तो म्हणाला, "अरे जवा दे ने, गजेंदर."

"जी शेठ," गजेंद्र म्हणाला आणि आणखी हळू केली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिचाऱ्याला वाटतंय की शेठ घाबरला. वाटतंय की मालक म्हणतोय, सोड रे ही शर्यत, जाऊ दे. आणि माझा आज्ञाधारक नवरा मालकाचं ऐकतोय. शेठ जितका ओरडे तितका गजेंद्र समजूतदारपणे वेग कमी करत होता. शेठचा चेहरा लाल झाला. "जवा दे, जवा दे, जवा दे." आता आमच्या शेजारून एक सायकलवाला बरोबरीने चालला होता, आणि त्याने आम्हाला नमस्कारही केला.

मी पुढे वाकले. दोन शब्द, बस. 'पळवा म्हनतस.' एवढं आमच्या भाषेत सांगितलं की नोकरी पक्की होती. उद्यापासून चमचा नाही, पावडरी नाही.

तेवढ्यात बाने माझं मनगट धरलं. मी वळून पाहिलं तर तिचे डोळे उघडे होते. ती खिडकीबाहेर बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

नोकरी देणारा शेठ होता, बा नव्हती. हे मला चांगलं कळत होतं. पुढे अजून दोन वळणं होती हेही कळत होतं, आणि माझ्या कपाळावर टेंगूळ येत होतं. मी मागे टेकून बसले आणि तोंड मिटून घेतलं. त्या क्षणी मला वाटलं की मी नवऱ्याचं नशीब विकलं.

एस्टीम हॉर्न वाजवत पुढे निघून गेली.

डुमसला पोचलो तेव्हा व्याही नगीनदास हात मागे बांधून समुद्राकडे बघत उभे होते, जणू त्यांना पोचून तास झाला होता. ठाकोरशेठने भज्यांचा कागद घेतला, त्यांच्या हातात दिला आणि 'तमे मोटा, वेवाई' म्हटलं. भजीवाला, नारळवाला, सगळ्यांनी ऐकलं. मग शेठ गजेंद्रकडे वळला. राग होता, पण रागापेक्षा गोंधळ जास्त होता.

"वळणावर तू विमान चालवतोस," तो हिंदी-गुजराती मिसळून म्हणाला, "आणि सरळ रस्त्यावर बैलगाडी. मी ओरडतोय आणि तू झोपतोयस. उद्या सकाळी गुपचूप डाइंगमध्ये जा."

गजेंद्र खाली बघत उभा राहिला.

बा गाडीतून हळूच उतरली. पदर सारखा केला. भज्यांचा एक तुकडा उचलला, फुंकर मारून खाल्ला, आणि चारचौघांत, व्याह्यांसमोर, अगदी शांतपणे बोलली.

"अकरा वर्षं मी ह्या रस्त्याने येतेय. आज पहिल्यांदा वाटेत डोळे उघडले. ह्या वाटेवर इतकी ताडाची झाडं आहेत हे मला माहीतच नव्हतं."

मग ती शेठकडे वळली.

"तीन ड्रायव्हर झाले," बा म्हणाली. "तुम्ही ओरडलात की ते पळवायचे. हा पहिला माणूस बघितला की तुम्ही जितके ओरडाल तितका हळू जातो. असा मला लग्न झाल्यापासून पाहिजे होता. हा माझा ड्रायव्हर. तुम्हाला डाइंगमध्ये कोण पाठवायचं ते पाठवा, हवं तर स्वतः जा."

व्याही नगीनदास एवढे हसले की त्यांना ठसका लागला. परतताना ठाकोरशेठ व्याह्यांच्या एस्टीममध्ये बसला. आम्ही बाला कॉन्टेसामधून ताडाची झाडं दाखवत आणलं.

बंगल्याच्या फाटकात बाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "एक वचन दे. ह्याला गुजराती शिकवायचं नाही."

दुपारी घरी आलो. सुकदेवमामा ओट्यावर वाटच बघत होते. त्यांना गजेंद्रने सांगितलं की वळणावर दोरा तुटत होता, वेळेवर सैल सोडला. मामा एवढे खूश झाले की लगेच पूर्ण गल्लीला सांगायला गेले.

मी खोलीचं दार लोटलं. केव्हापासून मला हसू आवरत नव्हतं. टेंगळाला हळद लावत मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्हले म्हाईत शे का, शेठ तुम्हले काय सांगी ऱ्हायंता?" आणि त्याचा चेहरा कसा पडतो ते बघायला सरसावून बसले.

"म्हाईत शे," गजेंद्र म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

तो म्हणाला की रंगखात्यातला मुकादम दिवसभर हेच ओरडतो. कापडाचा पट्टा मशीनमधून सोडायचा झाला की जवा दे, ट्रॉली ढकलायची झाली की जवा दे. पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. मला त्याने सांगितलं नव्हतं, कारण मी गुजरातीत बोलायला लागले की फार खूश दिसते, मग त्याला कशाला यायला हवं.

"मंग वळणवर?"

वळणावर मात्र खरंच आपलं 'जाऊ दे' ऐकू आलं, तो म्हणाला. तेव्हा गुजराती-मराठी काही कळत नव्हतं, कानात आईचाच आवाज आल्यासारखं झालं, आणि पाय आपोआप उचलला गेला. मग गाडी सरळ झाली. शेठ परत ओरडला तेव्हा सगळं नीट समजलं. पळवायचं होतं. पळवता आलं असतं, एस्टीम मागेच होती.

"मंग?"

तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "तुनं डोकं काचवर आपटनं ते माले ऐकू उनं. तू आवाज काढा नही. माले वाटनं, ही बाई मरी जाई पन बोलाव नही, नोकरीकरता. मंग मीच काहीतरी कराले पाहिजे." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मालकले नही म्हनता येत नही. पन समजनं नही, असं करता येस."

मला आधी राग आला. भयंकर आला. आठ महिने मी एका गोष्टीसाठी देव पाण्यात घालून बसले होते, आणि ह्या माणसाने ती मला न विचारता, पन्नासच्या वेगात, पणाला लावली होती. बा बोलली नसती तर? मी तेच विचारलं, की बा बोलली नसती तर काय झालं असतं.

"उद्या डाइंगमा," तो सहज म्हणाला. "डाइंग काय शे ते माले आठ महिनापासून म्हाईत शे. तू नही ऱ्हायनी तर काय व्हई, ते माले म्हाईत नही. आनि माले ते देखनं बी नही."

मी रडायला लागले ते बराच वेळ रडले. तो घाबरून पाणी आणायला उठला. मग मी त्याला सांगितलं की मलाही सगळं माहीत होतं, मागच्या सीटवर दोन शब्द माझ्या ओठांवर होते, आणि मीही गिळून बसले होते. म्हणजे एकाच गाडीत आम्ही दोघं, एकमेकांना कळू न देता, ती नोकरी सोडून द्यायला निघालो होतो.

गजेंद्र कॉन्टेसावर चौदा वर्षं राहिला, पुढे तिच्या जागी आलेल्या गाडीवरही. ठाकोरशेठ दर रविवारी ओरडायचा आणि दर रविवारी दुसरा पोचायचा. हळूहळू त्याला 'तमे मोटा' म्हणण्याचीच मजा वाटायला लागली. शेवटी आजारी होता तेव्हा त्याने गजेंद्रला जवळ बोलावलं आणि शुद्ध मराठीत, एक-एक शब्द जुळवत विचारलं, "गजेंद्र, तुला गुजराती समजतं ना रे?"

गजेंद्रने बाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुजरातीत म्हणाला, "ना, शेठ."